९.४ पुसून ९.८

मी बीएस्सी केमिस्ट्री झाले २०१६ साली. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज, शेवटच्या वर्षाला ६८ टक्के, पहिला वर्ग. त्याच वर्षी डिसेंबरात तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये, ट्रेनी म्हणून लागले. अजून त्याच लाइनमध्ये आहे, आता माझ्या हाताखाली नवे ट्रेनी येतात. गावाकडे गेलं की कुणी ना कुणी आपल्या मुलाला घेऊन घरी येतं आणि विचारतं, ह्याला बीएस्सीला घालावं का, पुढं त्याचं काही होतं का? उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून माझं काय झालं ते सगळं लिहून काढते आहे.

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये २४ जणांच्या बॅचला दोन वजनकाटे होते, त्यातला एक बंद. ब्युरेटी होत्या, पिपेटी होत्या, गॅस होता. अगदीच काही नव्हतं असं म्हणणं बरोबर नाही. एक कलरीमीटर होता, पण तो कपाटात. एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं, आज माझं पोट ज्यावर चालतं ते मशीन, फक्त पुस्तकात होतं. पंप, इंजेक्टर, कॉलम, डिटेक्टर, रेकॉर्डर असे पाच चौकोन पट्टीनं आखून मी परीक्षेत त्याचे मार्क घेतले होते.

लोकांना वाटतं, अडचण या मशीन नसण्याची असते. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. पण मला पुढं जड गेलं ते वेगळंच.

शेवटच्या वर्षी परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे रंग बदलेपर्यंत किती द्रावण लागलं ते मोजायचं. मोहर सॉल्टचं द्रावण पिपेटनं घेतलं, सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातलं, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेले, फिकट गुलाबी रंग टिकला तिथं थांबले. रीडिंग आलं ९.४. दुसऱ्यांदा ९.५. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, ९.८ यायला पाहिजे." तिच्याकडे मागच्या वर्षीच्या एका ताईचं जर्नल होतं, त्यात ९.८ होतं. मी पेन्सिलनं लिहिलेलं ९.४ खोडरबरानं पुसलं आणि तिन्ही रकान्यांत ९.८ लिहिलं. खाली आकडेमोड केली, उत्तर बरोब्बर आलं, सरांनी सही केली.

यात आम्हाला कुणालाच काही गैर वाटत नव्हतं. परीक्षेत मार्क पडायचे ते तुमचं उत्तर खऱ्या उत्तराच्या किती जवळ आहे त्यावर. सॉल्ट ओळखायच्या प्रॅक्टिकलला कुठल्या नंबरच्या बाटलीत काय आहे ते आधीच्या बॅचकडून कळायचं, मग आम्ही उत्तर आधी धरून उलटं मागं मागं टेस्ट लिहीत यायचो. तीन वर्षं हाताला हेच वळण लागलं: उत्तर आधी, रीडिंग नंतर. माझं ९.४ का आलं, हा प्रश्न त्या तीन वर्षांत मला कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही.

निकाल लागल्यावरचे सहा महिने सगळ्यांचे जातात तसेच गेले. कुणी बीएड कर म्हणालं, कुणी एमपीएससीचे क्लास सांगितले. एका ठिकाणी महिनाभराच्या 'फार्मा ट्रेनिंग'चे २५ हजार मागितले, नोकरीची हमी तोंडी. वडील तेवढे पैसे उचलून आणायला तयार होते, मीच नको म्हटलं. शेवटी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर वॉक-इनची जाहिरात आली: बीएस्सी केमिस्ट्री, फ्रेशर चालेल, रविवारी सकाळी ९ ते २, बोईसर.

वडील बरोबर आले. देवगिरी एक्स्प्रेसनं दादर, तिथून विरार, विरारहून डहाणू लोकल. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, मग बोईसर. कंपनीच्या गेटबाहेर दीडशेच्या आसपास मुलंमुली होती, अर्धी आमच्या मराठवाड्यातली आणि खानदेशातली.

आधी लेखी चाळणी झाली. दुपारी दीडच्या सुमाराला आत बोलावलं. साठीला टेकलेले एक सर होते.

"पॉइंट वन नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण एक लिटर करायचंय. किती ग्रॅम घेशील?"

"चार, सर."

"परमँगनेटचं रीडिंग कुठला मिनिस्कस बघून घ्यायचं?"

"वरचा. द्रावण गडद असतं, पातळीचा खालचा बाक दिसत नाही."

"एचपीएलसीवर काम केलंयस?"

"नाही सर. नुसती आकृती काढलीय."

ते म्हणाले, "ठीक आहे, मशीन आम्ही शिकवू." हातात ९,२०० रुपये पगार ठरला. एक खोली, चौघी मुली, माणशी दीड हजार भाडं. स्टेशनवर निघताना वडील एवढंच म्हणाले, "जपून राहा, माय."

आणि मशीन खरंच त्यांनी शिकवलं. आधी पंधरा दिवस नुसत्या एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, वाचायच्या आणि 'वाचलं, समजलं' म्हणून सही करायची. सगळं इंग्रजीत. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. वाचलेलं कळायचं, पण एखादी गोष्ट चुकली की ती का चुकली हे इंग्रजीत चार ओळींत लिहायला लावायचे, तेव्हा घाम फुटायचा. 'ऑब्झर्व्हड' आणि 'फाउंड' यांत कुठं काय वापरायचं हे मी जुने रिपोर्ट वाचून शिकले. डिग्रीच्या तीन वर्षांत आम्ही इंग्रजीत उत्तरं पाठ केली होती, स्वतःचं एक वाक्य कधी जुळवलं नव्हतं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी क्यूएच्या, म्हणजे नोंदी आणि नियम बघणाऱ्या विभागाच्या, मॅडमनी जी गोष्ट सांगितली ती मी अजून विसरलेले नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. पुढं न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. ग्लिसरॉलचं, म्हणजे ग्लिसरीनचंच, सूत्र मी दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं, त्याच्या तीन ओएच गटांवर प्रश्न सोडवले होते. पण आपल्याच राज्यात, आपल्याच विषयात, एका बाटलीची नीट तपासणी न झाल्यामुळं माणसं गेली, हे मला बीएस्सीची मार्कशीट हातात आल्यानंतर कळलं. अभ्यासक्रमात ही गोष्ट घालायला काय लागतं? तिला मशीन लागत नाही की इमारत लागत नाही. हे मला आजही खरोखर कळत नाही.

मॅडमनी मग नियम सांगितले. आकडा ज्यानं घेतला त्यानंच लिहायचा. घेतला त्याच क्षणी लिहायचा, हातावर नाही, चिठ्ठीवर नाही, थेट वर्कशीटवर. चुकला तर वर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला कारण, सही, तारीख. रफ वही नाही, फेअर वही नाही. जे पहिलं लिहिलं तेच खरं.

ऐकायला सोपं वाटलं. पहिल्याच आठवड्यात मी ३ चा ८ गिरवून केला आणि ते पान पूर्ण चौकशीत गेलं. जर्नलात ब्लेडनं खरडून अक्षर नीट करणारी मी मुलगी. हात ऐकत नव्हता.

खरी गोष्ट घडली ती तिसऱ्या महिन्यात. आयबुप्रोफेनच्या कच्च्या मालाचं अ‍ॅसे (त्यात मूळ औषध किती टक्के आहे याची तपासणी) मला पहिल्यांदा एकटीला दिलं होतं. काट्यावर बटर पेपर ठेवून शून्य केलं, ४५० मिलिग्रॅम पावडर घेतली, कागद दुमडून फ्लास्कमध्ये ओतली. मिथेनॉलमध्ये विरघळवली, फिनॉल्फ्थॅलिन घातलं, पॉइंट वन कॉस्टिकनं टायट्रेट केलं. एक मिलिलिटर कॉस्टिक म्हणजे २०.६३ मिलिग्रॅम आयबुप्रोफेन, असा हिशेब असतो. ब्लँक, म्हणजे औषध न घालता आलेलं रीडिंग, वजा करून माझं रीडिंग आलं २१.४०. टक्के काढले: ९८.१. मर्यादा ९८.५ ते १०१.०.

नापास. मागं अख्खी बॅच अडकलेली.

त्या क्षणी डोक्यात काय आलं ते तसंच्या तसं सांगते. कॅल्क्युलेटर हातातच होता. मी उलटा हिशेब केला. ९९.५ टक्के यायला रीडिंग किती हवं? २१.७०. ब्युरेटवर २१.४० आणि २१.७० यांत फरक तो किती, तीन बारीक रेघांचा. मशीन नाही, प्रिंट नाही, मी डोळ्यांनी बघून लिहिणार होते तेच खरं. पेन कागदावर टेकलं होतं. ९.४ पुसून ९.८ करणारा हात तोच होता.

का थांबले याचं मोठं कारण मला देता येणार नाही. वर्कशीटवर पेन चालतं, पेन्सिल नाही. पेनानं लिहायच्या आधी एक क्षण जास्त लागतो. तेवढ्यात ती १४ माणसं आठवली की मॅडमचा चेहरा, ठाऊक नाही. मी २१.४० लिहिलं आणि सेक्शनच्या मॅडमकडे गेले.

मला वाटलं होतं, ओरडा बसेल. त्या उठल्या, माझ्याबरोबर टेबलापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "काही धुऊ नकोस, काही फेकू नकोस. भांडी आहेत तशी राहू दे." मग एकेक गोष्ट तपासायला लागल्या. कॉस्टिकचं स्टँडर्डायझेशन कधी झालं? ब्युरेटचं कॅलिब्रेशन? काट्याची रोजची तपासणी? पावडर सुकवलेली होती का? सगळं ठीक निघालं. शेवटी त्यांनी विचारलं, "वजन कशावर घेतलंस? तो कागद कुठंय?"

कागद कचऱ्याच्या डब्यात होता. त्यांनी चिमट्यानं उचलून उजेडासमोर धरला. घडीच्या कडेला पांढरी रेघ चिकटलेली होती, पिठासारखी. मॅडमनी माझ्याकडूनच हिशेब करून घेतला: बॅच ९९.९ ची असती आणि मला ९८.१ आले, तर किती पावडर कमी पडली? आठ मिलिग्रॅम. आठ मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारी गोष्ट. ती त्या घडीत बसलेली होती.

दुसऱ्या अ‍ॅनालिस्टनं नव्यानं तीन वेळा केलं: ९९.९, ९९.८, ९९.९. माझ्या नावावर 'अ‍ॅनालिस्ट एरर' लागला, चार ओळी इंग्रजीत लिहिल्या, पुन्हा ट्रेनिंग झालं. कागद रिकामा करून परत काट्यावर ठेवायचा आणि उरलेलं वजन वजा करायचं, नाहीतर मिथेनॉलनं धुऊन सगळं फ्लास्कमध्ये घ्यायचं. पाच मिनिटांचं शिक्षण. त्या संध्याकाळी खोलीवर बसल्या बसल्या मला कॉलेजमधलं ९.४ आठवलं. तिथंही असंच काहीतरी झालं असणार. पिपेटमध्ये तळाला थेंब राहिला असेल, फ्लास्क नीट धुतला नसेल. ते ९.४ मला काहीतरी सांगत होतं. मी ते पुसून टाकलं.

आमच्याच बॅचचा एक मुलगा होता, माझ्यापेक्षा हुशार. त्यानं एका नमुन्याचा पीएच ३ वाजून १० मिनिटांनी घेतला असं लिहिलं. गेटच्या नोंदीत तो ३.०५ ते ३.२५ बाहेर कँटीनला होता. आकडा बहुधा बरोबरच असेल, त्यानं आधी घेऊन नंतर लिहिला असेल. पण कंपनी अमेरिकेला माल पाठवायची, ऑडिट तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर दिसला नाही. त्याच्या खोलीवर भेटायला गेले तर तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "कॉलेजमध्ये तर सगळे असंच करायचे." त्याच्या त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच सगळे असंच करायचे.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर माझ्या शिक्षकांवर अन्याय होईल.

कॉलेजला आम्हाला फिजिकल केमिस्ट्री शिकवायला एक सर होते. तासिका तत्त्वावर, सीएचबीवर. तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. पण बफर, म्हणजे पीएच टिकवून धरणारं द्रावण, शिकवताना त्यांनी फळ्यावर नुसतं हेंडरसन-हॅसलबालचं समीकरण लिहिलं नाही. म्हणाले, "पीएच आणि पीकेए शेजारी शेजारी आले की अर्धे रेणू चार्ज घेऊन बसतात, अर्धे तसेच राहतात. तिथं जरासा धक्का लागला की पारडं फिरतं." हाताचा तराजू करून दाखवलं होतं.

एचपीएलसीवर मला दीड वर्ष झालं होतं तेव्हा एका औषधाचं पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, सरकायला लागलं. रोज ६.८ मिनिटांना येणारं ७.५ ला यायला लागलं. कॉलम बदलला, तोच प्रकार. पंपाचा फ्लो सिलिंडर लावून मोजला, मिनिटाला एक मिलिलिटर, बरोबर. दोन दिवस गेले. मी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले होते आणि सरांचा तो हातांचा तराजू डोळ्यांसमोर आला. औषध आम्लधर्मी. त्याचा पीकेए आमच्या बफरच्या पीएचला अगदी खेटून. पीएच थोडा जरी खाली गेला तर चार्ज नसलेले रेणू वाढणार, ते कॉलमला जास्त धरून बसणार, पीक उशिरा येणार.

सकाळी गेल्या गेल्या मोबाइल फेज, म्हणजे कॉलममधून सोडायचं द्रावण, करणाऱ्या नव्या मुलाला म्हटलं, काल केलंस तसंच माझ्यासमोर करून दाखव. त्यानं बफर केला, त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलं, आणि मग पीएच लावायला घेतला. मेथडमध्ये आधी बफरचा पीएच लावायचा, मग अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळायचं. मिसळल्यावर मीटर वरचा आकडा दाखवतो, तो खाली आणायला मुलगा जास्त अ‍ॅसिड घालत होता. नीट क्रमानं केलं, पीक पुन्हा ६.८ ला आलं. लॅबमधल्या दहा-बारा जणांत मशीन माझ्यापेक्षा चांगलं चालवणारे पाच-सहा तरी होते. त्या दिवशी उपयोगी पडलं ते गावच्या कॉलेजमधलं फळ्यावरचं समीकरण.

म्हणून कुणी म्हणालं की डिग्री नुसता कागद आहे, तर मी ते मान्य करत नाही. बटण कुठलं दाबायचं हे कंपनीनं मला सहा महिन्यांत शिकवलं. पीक का सरकलं हे कंपनीनं कधीच शिकवलं नसतं, तिथं तेवढा वेळ कुणाला नसतो. कॉलेजनं मला विचार दिला. पण त्याच कॉलेजनं त्या विचाराच्या मुळावर येणारी सवय लावली, आणि ती सोडवायला मला दोन वर्षं लागली. पीएचच्या नोंदीवरून नोकरी गेलेल्या त्या मुलाला तर तेवढा वेळही मिळाला नाही.

मागच्या वर्षी त्याच सरांनी मला कॉलेजला बोलावलं, मुलांशी बोल म्हणून. ते अजून सीएचबीवरच आहेत. मी त्यांना म्हटलं, सर, २०२३ च्या अखेरीस केंद्रानं शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांचे नियम, सुधारलं, आता लहान कंपन्यांनाही नोंदी काटेकोर ठेवाव्या लागणार. आपल्या मुलांना मागणी आहे, पण रीडिंग खरं लिहिणारी मुलं हवीत. सर म्हणाले, नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलंय खरं, पण इथून औषध कंपनी बघायची तर वाळूज, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. पोरांना रोज कसं पाठवू? त्यांचंही बरोबर होतं. मग मी विचारलं, कंपनी राहू द्या, आपल्याच लॅबमध्ये एक दिवस करून बघायचं का?

सरांनी तीन बाटल्यांत तीन वेगळ्या तीव्रतेची द्रावणं भरली आणि कुणाला काही सांगितलं नाही. रीडिंग पेनानं, थेट वहीत. अर्ध्या तासात मुलं एकमेकांच्या वह्या बघायला लागली. एकाचं ८.९, शेजारच्याचं १०.३. गोंधळ उडाला. १०.३ वाल्या मुलानं दुसरं रीडिंग घेतलं तर ते आलं १०.७. तो खोडरबर शोधायला लागला, मग पेन आहे हे लक्षात आलं आणि माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, राहू दे, बाजूला कारण लिही. तो बराच वेळ ब्युरेटकडे बघत उभा राहिला. मग वाकून नळीच्या टोकाशी बघितलं, तिथं हवेचा बुडबुडा होता. दुसऱ्यांदा भरताना मोठा राहिला असावा, टायट्रेशन करताना त्यातला बराचसा निसटला, त्याची जागा द्रावणानं भरली आणि रीडिंग वाढलं.

पाच वाजत आले होते, शिपाईमामा खिडक्या लावत होते. मुलगा म्हणाला, "सर, अजून एकदा करू का?"

सरांनी मामांना हातानं थांबा म्हटलं. मुलानं ब्युरेट उतरवली आणि नळाखाली धरली.